सहावा भाग

रात्री साडेअकराची बिदर गेली की
पहाटे चारच्या नांदेडपर्यंत
उदगीर डेपोत माझ्या खिडकीला कुणी येत नाही.
मग मी ड्रॉवरमधून
अमीन तुळजाराम पांचाळला बाहेर काढते.

सन एकोणपन्नास. पोलीस ॲक्शन होऊन सहा महिने.
ठाण्यात नवे शिक्के आलेले नाहीत अजून,
म्हणून तो जुनाच मारतो
आणि 'सरकार-ए-आली'वर शाईची एक रेघ ओढतो.
ही रेघ मला फार आवडते.
पगार हाली रुपयात, पंचनामा उर्दूत,
शिव्या मात्र अस्सल आपल्याकडच्या.

घरात शिरण्याआधी तो बाहेरच्या चपला मोजतो.
दुसऱ्या भागात एक जोड जास्त निघाला,
तेवढ्यावरनं त्यानं अडत्याचा खुनी धरला.
(मला कळलं होतं. पान ऐंशीलाच. मुनीम.)
चौथ्यात मात्र फसले.
दाईवर संशयच आला नाही,
आणि त्या तंद्रीत देगलूरची गाडी
मी लातूरची म्हणून पुकारली.

वाचनालयात सहावा भाग नाही.
हंडरगुळीच्या कुणी मास्तरानं नेला, तो नेलाच.
मी पाचव्यातून सरळ सातव्यात उतरले.
सातव्यात पांचाळला डावा हात नाही.
का, ते मास्तरांना माहीत.

सातवा वाचून वाचून पाठीतून सुटला.
चौबाऱ्यामागे याकूबमियांकडे नेला, जिल्द बांधायला.
दोऱ्याला मेण लावत म्हणाले, काय आहे यात?
मी सगळं सांगितलं. चपला, शिक्का, रेघ,
विहिरीत सापडलेला शिंपी,
आणि अमीन कसा त्याच्या बायकोसमोर उकिडवा बसतो,
विचारतो, बाई, नाव काय यांचं?
काना-मात्रा विचारून विचारून लिहून घेतो.

सुई थांबली.
"खरंच विचारतो?"
हो, प्रत्येक भागात.
"एका माणसासाठी?"
एका माणसासाठी अख्खं पुस्तक, चाचा.

हसले म्हणावं, तर तसंही नाही.
"त्या साली मी सहा वर्षांचा.
आमच्या गल्लीत विचारायला कुणी आलं नव्हतं.
मज्जा आहे तुमच्या पुस्तकाची."
आणि पुढचा टाका घातला.

पैसे घेतले नाहीत.
ठेवून जा, म्हणाले,
अक्षर जुळवत जुळवत वाचीन.

तेव्हापासून ड्रॉवरमध्ये नुसतं वेळापत्रक.
काल चारच्या गाडीतून उतरलेल्यांचे पाय
मी उगीच मोजत बसले. एकोणीस जण,
एक पोरगा अनवाणी.

परवा विचारलं, तर याकूबमिया बाराव्या पानावर होते.
विहीर चौदाव्या पानावर आहे.