चौथा चौकोन

भंडाऱ्याहून प्रफुल्लनं लिंक पाठवली, खाली लिहिलं :
वहिनी, थीम चौदा दिवस फुकट आहे, वापरून बघा, मग सांगा.
मी कापड बघते तशीच बघितली.
आधी लांबून.

पांढरं. एवढं पांढरं, की नजरेला टेकायला जागा नाही.
मधोमध एक गोरी बाई, अंगात राखाडी कोट,
कुठल्याशा खिडकीबाहेर बघणारी.
इथं काही विकायचंय, हे तिला मान्यच नसावं.

तिला काढलं. तिच्या जागी
आमची मधाच्या रंगाची कोशाची साडी, करवती किनारीची,
ओसरीत दोरीवर टाकून काढलेला फोटो.
साडी एकदम पिवळट दिसू लागली,
काविळीतून उठलेल्या माणसासारखी.
वहीत लिहिलं : मागचा रंग मळखाऊ हवा.

मग सासूबाईंचा जुना फोन घेऊन पाण्याच्या टाकीखाली,
जिथं एक तरी कांडी रेंज येते.
पान उघडेस्तोवर मनकर्णाबाईंच्या दोन घागरी भरल्या.
लिहिलं : दोन घागरी. फार होतात.
आणि साडीचं नाव चौकटीत मावेना,
"लाखी लाल करवती" मधलं "कर" वर राहिलं,
"वती" खाली लोंबलं, तुटल्या धाग्यासारखं.

मामाजी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले.
त्यांनी फोन घेतला, उजेडाकडे धरला
आणि उलटा केला.
"मांगून कसं हाये?"
मी हसले. ते हसले नाहीत.
उलटी बाजू न दाखवता कोणी कापड पुढं केलं,
तर मोहाडीच्या बाजारात ते त्याला हातही लावत नाहीत.

मग 'कार्टमध्ये टाका' दाबलं. काही झालं नाही.
परत दाबलं.
पंचावन्न वर्षं धाग्यानं घासलेलं बोट,
रेशनच्या मशीनलाही ते ओळखू येत नाही.
वहीत लिहिलं : बटण मोठं करा.
दोष बटणाचा नव्हता, तरी लिहिलं.

थीममध्ये एक घड्याळ होतं, उलटं पळणारं :
त्वरा करा! फक्त दोन शिल्लक! तेवीस मिनिटं!
मामाजींनी ते दोनदा वाचायला लावलं.
"दोनच उरल्या कोन म्हन्ते? मी बसलो आहो ना आजून."
आणि तेवीस मिनिटं म्हणजे?
त्यांनी किनारीकडे पाहिलं.
तेवीस मिनिटांत तीन धोट्यांची किनार पेरभर सरकते,
तीही धागा तुटला नाही तर.
घड्याळ बंद केलं.
ते कुठून बंद होतं हे सापडायला मला तास लागला.

राहिले चौकोन. पहिल्या पानावर चार,
कमी करता येत नाहीत, थीमच तशी विणलेली.
घरात तयार साड्या तीन.
चौथा राखाडी, आत डोंगराची बारकी खूण,
चित्र नसलं की असते ती.
"तिथं माग ठेव," मामाजी म्हणाले,
घरात रिकामा कोनाडा दाखवावा तसे.

मागाचा फोटो टाकला. किंमत रिकामी सोडू देईना.
शून्य लिहिलं. नग, एक.

प्रफुल्लला कळवलं : थीम बरी आहे.
बरी म्हणजे, चालवून घेऊ.
दुकान अजून कुलूपबंद. पासवर्ड त्याच्याकडे, माझ्याकडे,
आणि एका चिठ्ठीवर,
जी मामाजींच्या तंबाखूच्या डबीत घडी घालून ठेवलेली.

सकाळी बघते तर एक ऑर्डर.
माग, नग एक, रक्कम शून्य.
वेळ पहाटे चार वाजून दहा मिनिटं.
पत्त्यात काही नाही. नावाच्या रकान्यात नुसता 'ग'.
चौथ्या चौकोनावर पट्टी आलेली : विकले गेले.

गोमाजी धकाते खड्ड्यात पाय सोडून बसलेले,
धोटा इकडून तिकडं जात होता.
मी काही विचारलं नाही.
फोनच्या काचेवर पाण्याचा वाळलेला ठसा होता,
त्यात एकही रेघ नव्हती.