उदगीरचा शून्य

महिन्याच्या अकरा तारखेला मी कुलपं लावतो.
हातात किल्ल्या नाहीत. लातुरात, गंजगोलाईच्या मागं,
दुसऱ्या मजल्यावर एक खुर्ची, तिचा एक पाय आखूड,
आणि पडद्यावर डोमेनांची यादी.
ज्यांचे पैसे आले नाहीत ते लाल.

सस्पेंड म्हणजे पुसणं नव्हे, हे मी प्रत्येकाला सांगतो.
पत्रं आत तशीच राहतात, पासवर्डही तोच.
फक्त दार ओळख देत नाही.
बाहेरून आलेलं पत्र उंबऱ्याला शिवून
माघारी जातं,
पाचशे पन्नास असा आकडा कपाळावर घेऊन.

क्लासवाले रात्री बारालाही भरतात.
निकालाच्या आठवड्यात तर सर स्वतः फोनवर,
'अहो तेवढं चालू करा, लेकरांची यादी अडकलीय.'

बलदवा दालमिलचं तसं नव्हतं.
उदगीरची मिल. एकोणचाळीस खाती.
तीन स्मरणपत्रं गेली, तिन्ही न उघडलेली.
मी डोमेनवर टिचकी मारली.
एकोणचाळीस दारं एका आवाजात लागली,
म्हणजे आवाज झालाच नाही.

दुसऱ्या दिवशी फोन.
'मी इलाही तांबोळी, काट्यावरचा.
सात दहाचा रिपोर्ट जाईना झालाय साहेब.'
कसला रिपोर्ट? मिल तर बंद आहे ना?
'दीड वर्ष झालं की.
पण काटा रोज शून्यावर आणावा लागतो,
नाहीतर खोटं बोलायला शिकतो.'

मी लॉगमध्ये मागं मागं गेलो.
गाडी: नाही. वजन: शून्य.
पोळ्याला शून्य.
ईदच्या दिवशी जरा उशिरा,
नऊ वीसला, शून्य.
सगळे एका मालकाला, जो हैदराबादला लेकाकडं असतो
आणि मेल उघडत नाही.

डोमेन बंद असलं की एकटं खातं उघडत नाही.
म्हणून डोमेन पुन्हा उघडलं
आणि अडतीस कुलपं हातानं लावली, एकेक.
खरेदी. हिशेब. हमालांचे मुकादम.
रमाकांत बिडवे, वारले त्याला तीन वर्षं झाली,
बँक अजून त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा धाडते.
तिथं बोट जरा थांबलं. मग लावलं.
काटा तेवढा ठेवला.

पण मालकाचं दार बंद,
मग रिपोर्ट जायचा कुणाकडं?
इलाहीभाई फोनवर गप्प.
मी माझाच पत्ता दिला.
हिशेबात ते खातं मी 'चाचणी' म्हणून दाखवतो,
अजून कुणी विचारलेलं नाही.

आता चहाच्या आधी उदगीरहून शून्य येतो.
काल वीस किलो आलं.
मी घाबरून फोन लावला.
'काही नाही, कोवळं ऊन पडलंय,
बकरी बसलीय काट्यावर,' ते म्हणाले.
'उठवू का?'