अडखळत

जूनमध्ये आमच्या बेटावर रात्र येतच नाही.
अकरा वाजता सूर्य दीपगृहाच्या खांद्याशी रेंगाळत असतो.
खिडकीवर काळं ब्लँकेट खिळ्यांनी ठोकलंय,
तरी कडेकडेनं उजेड झिरपतो
आणि सुन्निवा विचारते, "रात्र कुठाय?"

या आठवड्यात मला कारखान्यात रात्रपाळी,
पहाटेपर्यंत कॉड साफ करायचा.
म्हणजे गोष्ट आयलिफनं वाचायची.

अस्वलाचं पुस्तक त्याला पाठ आहे
माझ्या तोंडून ऐकून ऐकून,
पान कधी उलटायचं तेसुद्धा.
पण आज तिनं लायब्ररीच्या बोटीवरून आणलेलं
नवं पुस्तक त्याच्या छातीवर आपटलं.

बारा वर्षं त्याचे कागद मी वाचतेय,
बँकेचे, विम्याचे, डॉक्टरचे.
हॉटेलात तो म्हणतो, तू घेशील तेच मला.
शाळेत उभं करून वाचायला लावायचे
आणि अक्षरं म्हणे हेरिंगच्या घोळक्यासारखी
एकदम वळायची.
वर्ग हसायचा.
पंधरावं सरलं तसा बापाच्या बोटीवर चढला,
तो चढलाच.

बूट हातात घेऊन मी जिन्यात थांबले.

"ए... एका खा... खाडीत...
एक सी... सील... राहा... राहायचा."
सीलला खाडीत राहायला बराच वेळ लागला.
"कुठे राहायचा?"
"थांब गं. पोचतोय."

मी एक पायरी वर चढले.
जावं, पुस्तक घ्यावं हातातून,
बस चुकली तर चुकली.
पण तो थांबेना.
वल्हं मारावं तसा एकेक शब्द,
एक ओढ, मग नुसतं पाणी,
मग पुन्हा एक ओढ.

मी वाचते तेव्हा गोष्ट पळते
आणि सुन्निवा तिच्यामागे,
मग काय झालं, मग काय झालं.
आज गोष्टीला कुठे जायचंच नव्हतं.
दोन शब्दांच्या मध्ये एवढी मोकळी जागा
की अडीच वर्षांचं मूल
हातपाय पसरून मावेल.

"सील... नं डो... डोळे... मि..."

तिसऱ्या पानावर तिचे प्रश्न संपले.
पुस्तक मिटल्याचा आवाज मात्र आला नाही.
पान उलटलं. मग आणखी एक.
सील घरी पोचला की नाही
हे बहुतेक त्याला स्वतःलाच हवं होतं.

मी बूट बाहेर जाऊन घातले.
लख्ख ऊन होतं.
बस केव्हाच गेली होती, चालत निघाले.