पान अठ्ठ्याऐंशी, पान एकोणनव्वद

मुख्याध्यापकांनी गोल टिकल्यांचं पाकीट दिलंय.
हिरवी पाचवी ते सातवी, पिवळी आठवी-नववी,
लाल त्याच्या वर.
"दिवाळीच्या सुट्टीआधी उरकून टाका, शितोळेबाई.
पालकांची कटकट नको."

बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या शाळेत
मराठीतून वाचणारी पोरं उरलीत एकशे चौदा.
कादंबऱ्या सहाशे तीस.
म्हणजे डोक्यामागे साडेपाच,
आणि वर ही टिकली.

मी पानं चाळत बसते.
हिच्यात एक चुंबन, तेही जिन्यात, अंधारात: पिवळी.
हिच्यातला मामा पितो. गुजरातेत दारूबंदी,
म्हणून लाल?
हिच्यात कुणी मरत नाही, कुणी खोटं बोलत नाही,
शेवटी सगळ्यांना बक्षीस: हिरवी.
(अकरा वर्षांत कुणी नेलेली नाही.)

आणि ही.
पाठ उसवलेली, खाकी पुठ्ठ्यातली.
मी आठवीत होते तेव्हा हिची दोन पानं
एकमेकांना चिकटवलेली होती.
रणनवरेसरांनी, तांदळाच्या खळीनं, कडेकडेनं,
उत्तरायणाचा फाटका पतंग सांधावा
तितक्या निगुतीनं.

वर्गभर कुजबुज, की त्यात 'तसलं' आहे.
मी आणि नयना पाटणकर
डब्याच्या पिशवीतून पुस्तक घेऊन गेलो
भाईलालकाकांच्या चहाच्या लारीवर
आणि धरलं केटलीच्या वाफेवर.
"परीक्षा छे?" काकांनी विचारलं.
आम्ही म्हटलं, हो.

पानं सुटली.
तसलं काही नव्हतं.
एक बाप घाटावर उभा होता,
हातात मुलाचा कोरडा टॉवेल.
घडी घालत होता, उलगडत होता,
पुन्हा घालत होता.
अंधार पडेपर्यंत. दोन पानं.

"ह्यात काय लपवायचं?" नयना म्हणाली,
आणि आम्ही फाफडा खाल्ला.

पुढे मीच इथे नोकरीला लागले.
जुन्या फायली झाडताना सापडला रजेचा अर्ज:
मे महिना, चांदोद, नर्मदेत, चिरंजीव.
पुढचे शब्द वाळवीनं नेलेले.
कादंबरी खरेदीची नोंद जुलैची.

सरांना ती परत पाठवता आली असती.
यादीतून काढता आली असती.
त्यांनी ती दाखल केली, शिक्का मारला,
दोन पानं बंद केली
आणि मुलांच्या कपाटात ठेवली.
आम्हाला वाटलं, आमच्या वयासाठी.
सर तेव्हा बावन्न वर्षांचे होते.

परवा सातवी ब ची कृपाली इंगळे
नेमकी तीच घेऊन आली.
"बाई, ही मला चालेल ना?"
पाकीट माझ्या हातात. तिन्ही रंग.
मी विचारलं, "पोहता येतं तुला?"
का विचारलं, कोण जाणे.
"लालबागच्या तलावात जाते. पण खोलात नाही."
"बरं. ने."

शुक्रवारी परत.
"अर्धीच वाचली, बाई.
तो माणूस फार वेळ नुसता उभाच राहतो.
कुत्र्याची एखादी आहे?"

होती. खालच्या फळीवर, हिरव्या टिकलीची.
तिनं नाव लिहिलं, सही केली, गेलीसुद्धा.

मग आठवलं.
पान एकशे चाळीस. कुत्रा.
टिकली मीच लावलेली,
मंगळवारी, मधल्या सुट्टीत, घाईत.

जिन्यावर तिच्या चपला वाजत होत्या.
मी दारापर्यंत गेले,
अंगठ्याला चिकटलेली एक हिरवी टिकली
नखानं काढत.
हाक मारायला तोंड उघडलं होतं.