खाजनातून सोसोगड

आमचं घर भरतीच्या पाण्याहून
दोन वीत खाली आहे.
अमावास्येला बांधापलीकडे नदी उभी असते
आणि अलीकडे, तिच्या कमरेशी, आमची चूल.
बाबांनंतर मानशीची दारं मीच पाहते.
उंची म्हणजे काय, असं कुणी विचारलं
तर मी खांबावरची कालवांची रेघ दाखवते.

"खाजनातली कुर्ली सोसोगड चढणार!"
हा विनोद पंचायतीत आठवडाभर पुरला.
बूट भाच्याचे. दोन नंबर मोठे.
पुढच्या टोकाला वर्तमानपत्र कोंबलं.

सात्रेहून पहाटे निघालो, पाच जण
आणि धाकू झोरे : पायात रबरी चपला,
कमरेला कोयता, ओठात न पेटवलेली विडी.
पहिल्या तासातच कळलं
की मला श्वास घेता येत नाही.
म्हणजे येतो, पण सपाट जमिनीचा.
कारवीच्या काठ्या धरत, गव्याचं ताजं शेण ओलांडत
मी डोंगराला शिव्या घातल्या,
आधी मनात, मग मोठ्यानं.
धाकू मागे न बघता म्हणाला,
"बाय, शिव्यांनाही दम लागतो.
तो पायांसाठी ठेव."

मग ती सोंड आली.
रान दोन्हीकडून सुटत गेलं
आणि वाट एका माणसापुरती उरली.
डावीकडे काहीच नव्हतं.
उजवीकडेही तेच, फक्त जास्त खोल.
मी खाली बसले, गवत मुठीत धरून,
जणू ते मला धरणार होतं.
"परत जाऊ या का गं?" सुलक्षा म्हणाली,
इतक्या मायेनं, की मी हो म्हणणारच होते.

आणि कुठून कोण जाणे, चिखलाचा वास आला.
बांध. रात्र. मी नऊ वर्षांची, हातात कंदील.
एका बाजूला चढती नदी, दुसऱ्या बाजूला शेत,
मध्ये पाऊलभर माती. पुढे बाबांची उघडी पाठ.
"पाण्याकडे बघायचं नाही.
माती जिथं हलते, तिथं पाय नाही."
एवढंच. ते मोठं काही बोलत नसत.

मी उठले.
दगड जिथं हलतो, तिथं पाय नाही.
दगड जिथं हलतो,
तिथं

माथ्यावर फारसं काही नव्हतं. वारा, पिवळं गवत,
कुणीतरी एकावर एक ठेवलेले चार दगड.
वाटलं होतं, रडू येईल. भूक आली.
उंडो फोडला, त्यात कालची भेंडी भरली
आणि अर्धा धाकूला दिला.
पश्चिमेला एक लांब चमक दिसली.
"समुद्र!" मी ओरडले.
"पत्रे," धाकू म्हणाला. "कारखान्याचे."
समुद्र त्यामागच्या धुरकटात असेल तर असेल.
तिथंच कुठेतरी, त्या चपट्या राखाडीत,
रुझार माझी मानस सांभाळत होता.

उतरताना अंगठ्याची दोन्ही नखं काळी पडली.
उतरण्याबद्दल आधी कुणीच काही सांगत नाही.

"कसा होता डोंगर?" रुझारनं विचारलं.
"उंच," मी म्हटलं. दुसरं सुचलं नाही.
तो मान हलवून गेला.

रात्री पोटऱ्या ठणकत होत्या.
बांधापलीकडे नदी भरत होती,
नेहमीसारखी माझ्या डोक्याहून वर.
अंथरुणात पडल्या पडल्या पहिल्यांदाच मोजलं,
मी किती खोल झोपते.