चौथा रकाना

नोटीस मीच टाइप केली, सोमवारी,
कूलरच्या वाळ्याचा ओला वास अंगावर घेत:
शुक्रवारपर्यंत प्रत्येकाने आपला पासवर्ड
नोंदवहीत लिहावा.
रकाने चार. अनुक्रम, नाव, विभाग,
आणि तो.

बाहेर हिंगण्याच्या एमआयडीसीत शेहेचाळीस डिग्री,
आत माझ्या टेबलापुढं रांग.
उमाठेनं आल्या आल्या मोठ्यानं सांगितला,
जुन्या लूनाचा नंबर. हसला.
कोणीच हसलं नाही.
गोडाउनच्या निनावेनं हाताचा आडोसा करून लिहिला,
परीक्षेत पेपर झाकतात तसा,
आणि मग वही मलाच दिली.
एका मुलीचं नाव होतं. त्याला दोन मुलगे आहेत.
मी पान उलटलं.

हेडाऊ मॅडम, डिस्पॅच, एकोणीस वर्षं.
पेन उघडलं, टोपण लावलं, पुन्हा उघडलं.
"बदलून दिला तं चालते का, भाऊ?"
चालते, म्हटलं.
जागेवर गेल्या, बदलला, परत आल्या
आणि लिहिलं नुसतं नागपूर, पुढं एक दोन तीन.
माझ्याकडे न पाहता.

खरं सांगायचं तर
या वहीची गरजच नव्हती.
सर्व्हर माझ्या हाताखाली. कोणाचीही पेटी
मी इथं बसून उघडू शकतो, चहा पिता पिता,
आणि साहेबांना हे ठाऊक आहे.
त्यांना कुलूप उघडायचं नव्हतंच.
आम्ही किल्ली आपल्या हातानं
टेबलावर ठेवतो का,
तेवढं पाहायचं होतं.

वही आता गोदरेजच्या कपाटात.
तेविसाव्या ओळीवर मीही आहे, सुवाच्य अक्षरात.
तेव्हापासून तर्री-पोह्याच्या गाडीवर
निनावे माझ्या बाजूला उभा राहत नाही.

काल पाण्याच्या टाकीपाशी
हेडाऊ मॅडमना विचारलंच,
जुना कुठं ठेवला म्हणून.
"कुठं ठेवणार? कुठंच लागत नाही तो आता.
रोज सकाळी एकदा टाइप करते फक्त, कोऱ्या पानावर.
बोटं विसरून जातील नं."
ग्लास विसळला, पालथा ठेवला.
"अन् मंग पुसून टाकते."

नऊ वाजून पाच मिनिटं.
त्यांचा स्क्रीन माझ्या मॉनिटरवर दिसू शकतो,
एक बटण दाबलं की.
मी उठतो.
कूलरमध्ये पाणी किती उरलं
ते पाहून येतो.