बरणीतली भरती

फूल म्हणायचं, खरं जनावर आहे.
खानापूरच्या कॉलेजात, वरच्या मजल्यावर,
बेसिनच्या डाव्या हाताला काचेच्या बरणीत.
"त्याला तोंड एकच, मुतगेकर," कुर्तकोटी मॅडम म्हणाल्या,
"आत जायचं तिथनंच, बाहेर यायचं तिथनंच."
आमच्या गल्लीसारखं, मी म्हटलं.

माजाळीला सहलीत सापडलं.
ओहोटी. पोरं चपला हातात घेऊन.
खडकाच्या चिरेत चोखलेल्या जांभळासारखा गोळा,
अंगभर शिंपल्यांचा चुरा चिकटवलेला.
बोट लावलं तर मनगटावर चूळ टाकली त्यानं
आणि आणखी मिटलं.
नखानं सोडवलं, कडेकडेनं, अर्धा तास.

दुधाच्या किटलीतून आणलं,
कद्रा, जोयडा, रामनगर, लोंढा,
प्रत्येक वळणाला झाकण दाबून.
"एनु अदु?" कंडक्टर.
"हूवु."
"नीराग हूवु?"
"उप्पिन नीराग."
खाऱ्या पाण्यातलं फूल! हसला.
फुलाचं तिकीट मागितलं नाही त्यानं.

मीठ हुबळीहून यायचं, पुड्यात.
लिटराला पस्तीस ग्रॅम, मी तोलायचो.
मंगळवारी सुक्या जवळ्याचा एक तुकडा.
शंभर बोटं एकेक करून आत वळायची,
पदराखाली काही लपवावं तशी.

आता हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
आमची घंटा दहा चाळीसची.
ते मात्र पहिल्या दिवशी नऊला उघडलं,
दुसऱ्या दिवशी दहाला दहा मिनिटं कमी असताना,
तिसऱ्या दिवशी दहा चाळीसला, घंटेबरोबर,
चौथ्या दिवशी साडेअकराला.
हजेरीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेलो.
मॅडमनी पान बघितलं, चष्मा काढला.
"माजाळीला पाणी चढतंय तेव्हा," म्हणाल्या.
मलप्रभेच्या काठी, घाटाच्या इकडं,
बरणीभर पाण्यात भरती येत होती
आणि बरणीला पत्ता नव्हता.

बारा दिवस.
मग वेळा विस्कटल्या.
मग ते किल्लीच्या आवाजाला उघडू लागलं,
जवळ्याच्या वासाला, माझ्या हाताला.
सगळी म्हणाली, माणसाळलं.
मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

पुढच्या वर्षी मधोमध ताणलं आणि दोन झाली.
तपासणीच्या साहेबांनी विचारलं, यातलं जुनं कुठलं?
दोन्ही, सर.
त्यांनी चिठ्ठीवरची भाषा तपासली, खाली सही केली.

मे महिन्यात माझी नोकरी संपली.
एक ठेवलं. एक घेतलं, त्याच किटलीत.
माजाळीचा तोच खडक, तीच चीर असेल नसेल,
ओल्या जागेवर सोडलं.
चिकटेना.
गोळा होऊन पडलं, माझ्या सावलीत,
मंगळवार असल्यासारखं.
मी सावली काढून घेतली, दहा पावलं मागे जाऊन बसलो.

पाणी चढायला लागलं.
आधी शेवाळाला, मग चिरेला.
साडेचारची बस होती.
गेली असेल.